दापोलीतली झाडांची छाटणी करणारी टीम : घराजवळ जुना आंबा-फणस असेल तर यांनाच बोलवा

आमच्या घराच्या मागे कौलांवर ओणवलेला जुना रायवळ आंबा आहे नी पुढे अंगणात फणस. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात एवढी झाडं उन्मळून पडली की तेव्हापासून घराजवळ मोठं झाड दिसलं की जो तो सांगतो तोडून टाका. लाकडाचा व्यापारी तर दरवर्षी येऊन विचारून जातो. सासूबाई मे महिन्यात वारा सुटला की मागच्या खोलीत झोपत नाहीत, पण आंबा तोडायचं नाव काढलं की त्यांनाच रडू येतं, कारण तो त्यांच्या सासऱ्यांनी लावलेला. शेवटी या मुलांना बोलावलं. सविस्तर लिहितेय कारण झाड तोडायला कोणीही मिळतं, पण आधी नीट बघून काय ते खरं सांगणारं दुसरं कोणी मला तरी इकडे भेटलेलं नाही.

पहिल्या दिवशी ते कटर घेऊन आलेच नाहीत, नुसते बघायला आले. बुंध्याभोवतीचा पालापाचोळा हाताने बाजूला करून अळंबी उगवलेय का (ती बुंधा कुजत असल्याची खूण) ते बघितलं, मग लाकडी मोगरीने खोड खालपासून वरपर्यंत ठोकत गेले, एका बाजूला आवाज पोकळ आला तिथे ढोलीत बारीक सळई घालून किती आत जाते ते मोजलं. सासूबाईंना म्हणाले, आजी, ढोली आहे पण बाहेरचं लाकूड जाड नी ठणठणीत आहे, हे झाड पाडायची गरज नाही, कौलांकडचं वजन कमी करू. मी विचारलं ढोली सिमेंटने भरून घेऊ का, पूर्वी भरायचे तशी, तर नको म्हणाले, सिमेंटच्या कडेने पाणी आत जाऊन साचतं नी झाड हललं की आतून घासतं, उघडीच राहू दे.

फणसाची मात्र आधीच वाट लागलेली होती. मागे एका कटरवाल्याने वाऱ्याला भार नको म्हणून वरचा सगळा शेंडाच उडवला होता. आपल्याकडे भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, ऐन-किंजळाची कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडायची सवय, तिथे ते चालतं, पण घराजवळच्या मोठ्या झाडाला तोच हात लावला की जिथे कापलं तिथून धुमाऱ्यांचे झुपके फुटतात, ते नुसते सालीजवळ चिकटलेले असतात, दोन-चार वर्षांत जाड झाले की वाऱ्यात तेच आधी मोडतात, आणि खालचा खुंट कुजत जातो तो वेगळाच. या दादांनी मला शिडीवर चढवून एक धुमारा हाताने मागेपुढे हलवून दाखवला, मुळापासून हलत होता. आता त्यातले चांगले दोन-तीन ठेवून बाकीचे हळूहळू काढायचे, एकदम नाही.

कामाच्या दिवशी दोघं वर, दोघं खाली. बुटाला काटे लावून चढत नाहीत, जिवंत झाडाला जखमा होतात म्हणून, दोर नी पट्टा लावूनच. कौलांवरची मोठी फांदी आधी दोराने बांधली, खोडापासून थोडं पुढे खालून चीर दिली, मग वरून कापली, म्हणजे फाटताना खोडाची साल सोलत नाही, आणि तुकडे एकेक करून खाली सोडले, एक कौल फुटलं नाही!! उरलेला खुंट काढताना फांदीच्या मुळाशी जी फुगीर वळी असते ती तशीच राखली, झाड जखम तिथूनच बुजवतं म्हणे. एक-दोन फांद्यांवर बांडगूळ होतं, ते नुसतं खरवडलं नाही, त्याच्या खाली हातभर घेऊन फांदीच कापली. बुंध्याजवळ भुसा येत होता ती भिरडाची, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याची, भोकं, तारेने अळी ओढून काढली, औषधाचा बोळा घालून चिखलाने लिंपलं. कापलेल्या जागांना बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना नी १० लिटर पाणी, आमच्यासमोरच बनवली.

जाताना बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक मागे घ्यायला सांगितलं, खाली जांभा असल्यामुळे मुळं वरच्यावरच पसरतात नी ब्लॉकमुळे त्यांना हवा-पाणी मिळत नाही. ते आम्ही केलं. आणखी एक, आंबा नी फणस दोन्ही १९६४ च्या झाडं तोडण्याच्या कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे आपल्या आवारातलं झाड असलं तरी पूर्ण तोडायला परवानगी लागते, नगरपंचायत-नगरपरिषद हद्दीत तर १९७५ चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्याने हे कधी सांगितलं नव्हतं, यांनी न विचारता सांगितलं.

आता तक्रारी. पावसाआधी सगळ्यांनाच ते हवे असतात, त्यामुळे आमची तारीख पुढे ढकलली गेली नी फोन उचलत नव्हते, तेव्हा फार राग आला होता. दोन झाडांचे १८,००० घेतले, कटरवाल्याच्या दुप्पट तरी आहेत. लाकूड आणि पाला नेत नाहीत, आवारातच रचून ठेवतात, ते आधी स्पष्ट बोलून घ्या. वर चढणाऱ्या मुलांचा विमा आहे का हेही विचारा, यांचा आहे, मला कागद दाखवला. दर मात्र लेखी देत नाहीत, ते त्यांनी सुरू करायला हवं.

मी पैसे देऊन परत बोलावणार आहे, दिवाळीनंतर फणसाचे उरलेले धुमारे काढायला. तुम्हाला बोलवायचं असेल तर मे पर्यंत थांबू नका, आत्ताच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा, एक पूर्ण झाडाचा, एक बुंध्याचा जमिनीपासून नी एक घर किती लांब आहे ते दिसेल असा. नुसत्या शेंड्याच्या फोटोवर ते काही सांगत नाहीत.