अपघातग्रस्त गाडी: दुरुस्ती करून घ्यावी की ‘टोटल लॉस’मध्ये द्यावी?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतील रस्त्यांवर दिवस मावळल्यानंतर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीवर कार आदळल्याच्या बातम्या येऊ लागतात. माणसे सुखरूप असली तर दुसऱ्या दिवसापासून गाडीची काळजी सुरू होते. क्रेनने गाडी लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अधिकृत वर्कशॉपला जाते, विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसानीचे मूल्यांकन करणारा) येऊन फोटो काढतो आणि काही दिवसांत मालकाला विचारणा होते की गाडी दुरुस्त करायची की टोटल लॉसमध्ये टाकायची, म्हणजे दुरुस्ती न करता विम्याची रक्कम घ्यायची. उत्तर लवकर द्यावे लागते, कारण दुरुस्ती न होणाऱ्या गाडीसाठी अनेक वर्कशॉप जागेचे भाडे आणि अंदाजपत्रकाचे शुल्क आकारतात. या दोन वाटांमध्ये मालकाच्या हाती नेमके काय उरते, याचा हिशोब येथे मांडला आहे.

मुळात निवड कोणाची, हे आधी पाहिले पाहिजे. खासगी कारच्या मानक पॉलिसीतील अटीनुसार गाडी दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची की नुकसानीची रक्कम रोख द्यायची, हा पर्याय विमा कंपनीकडे असतो. तरीही प्रत्यक्षात, आकडे सीमारेषेच्या आसपास असतील तेव्हा मालकाच्या म्हणण्याला वजन असते, आणि तेवढ्यापुरते तरी त्याला हिशोब यायला हवा.

७५ टक्क्यांची रेघ

गाडीचा चेंदामेंदा झालेला दिसतो म्हणून ती टोटल लॉस ठरत नाही, आणि समोरून बरी दिसते म्हणून दुरुस्तीत जाईलच असेही नाही. निर्णय ठरतो तो पॉलिसीवर छापलेल्या आयडीव्हीवर, म्हणजे विमा घेताना जाहीर केलेल्या गाडीच्या किमतीवर. त्या मॉडेलच्या छापील विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ही रक्कम काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढील गाडीची किंमत कंपनी व मालक यांनी परस्पर संमतीने ठरवायची असते. गाडी अपघातस्थळावरून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकत्रित खर्च, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की तिला तांत्रिक अर्थाने टोटल लॉस मानले जाते.

‘अटींच्या अधीन राहून’ हे तीन शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतात, आणि वादाचे मूळ बहुधा तेथेच असते. सर्व्हेअर सामान्यतः वर्कशॉपचे पूर्ण अंदाजपत्रक न धरता सुट्या भागांवरील घसारा कापून कंपनीच्या वाट्याला येणारी रक्कम ७५ टक्क्यांशी ताडून पाहतात. हा घसारा आयडीव्हीच्या घसाऱ्याहून वेगळा आहे. रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३० टक्के, काचेवर शून्य, आणि पत्र्यासह उरलेल्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे तो लागतो. चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी तो ३५ टक्के, तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीसाठी ४० टक्के असतो. रंगकामात साहित्याच्या खर्चाचा निम्मा भाग कापतात; एकत्रित बिल असल्यास साहित्य २५ टक्के धरले जाते.

समजा, ८ लाख रुपये छापील किमतीची कार पाचव्या वर्षात आहे आणि तिची आयडीव्ही ४ लाख आहे. म्हणजे रेघ ३ लाखांवर येते. वर्कशॉपने करांसह ३ लाख ३० हजारांचे अंदाजपत्रक दिले, त्यात पत्रा व इतर धातूचे भाग १ लाख ६० हजारांचे, प्लास्टिक, रबर व एअरबॅग ८० हजारांच्या, काचा १५ हजारांच्या, रंगकाम ४० हजारांचे आणि उरलेली मजुरी ३५ हजारांची आहे. घसारा अनुक्रमे ५६ हजार, ४० हजार, शून्य आणि ५ हजार, असा एकूण १ लाख १ हजार होतो. कंपनीच्या वाट्याला २ लाख २९ हजार येतात आणि त्यातून लहान कारसाठी सक्तीची १ हजार रुपयांची कपात होते. अंदाजपत्रक रेघेच्या वर असूनही गाडी दुरुस्तीतच जाते, आणि मालकाच्या खिशातून १ लाख २ हजार रुपये जातात.

याच गाडीवर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जोडकवच असते, तर कंपनीचा वाटा ३ लाख २९ हजार झाला असता. तो रेघेच्या वर असल्याने गाडी टोटल लॉसमध्ये जाऊन मालकाला ३ लाख ९९ हजार मिळाले असते. अपघात तोच, गाडी तीच, आणि निकाल मात्र उलटा. म्हणून सर्व्हेअरशी बोलताना ‘किती नुकसान झाले’ यापेक्षा ‘मूल्यांकन घसारा कापून केले की न कापता’ हा प्रश्न आधी विचारावा.

दुरुस्तीच्या बाजूने

दुरुस्तीचा मुख्य फायदा असा की ओळखीची गाडी परत मिळते आणि नवी गाडी, नवा रस्ता कर व नोंदणी यांचा खर्च टळतो. दरवाजे, बंपर, बॉनेट, दिवे, रेडिएटर एवढ्यावर निभावले असेल आणि झिरो डेप असेल, तर दुरुस्ती सोडण्याचे कारण मला दिसत नाही. अडचण येते ती एप्रन (बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्याचा भाग), पिलर (छताला आधार देणारे खांब) किंवा चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, मार बसला असेल तेव्हा. असा सांगाडा यंत्रावर ओढून सरळ करता येतो, परंतु तो पूर्ववत झाला की नाही हे व्हील अलाइनमेंट आणि मोजमापाच्या अहवालाशिवाय कळत नाही, आणि तो अहवाल मागणारा मालक क्वचितच भेटतो. बॉडी शेलच बदलावी लागली तर तिच्यावर चेसिस क्रमांक पुन्हा ठोकण्यासाठी आरटीओची परवानगी लागते. पुढे विक्रीच्या वेळी जाणकार ग्राहक बॉनेट उघडून एप्रनवरचे वेल्डिंगचे ठिपके पाहतो आणि किंमत पाडून मागतो.

मराठवाड्यात आणखी एक बाब जमेस धरावी लागते, ती अंतराची. तालुक्याच्या गावी सहसा अधिकृत बॉडी शॉप नसते; गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी अथवा थेट संभाजीनगरला न्यावी लागते. मानक पॉलिसीत कारच्या टोइंगसाठी १,५०० रुपयांचीच मर्यादा असते, तेवढ्यात अंबाजोगाईहून गाडी संभाजीनगरला पोहोचत नाही. रस्त्यावरील मदतीचे जोडकवच नसेल तर फरक मालकाने भरायचा. शिवाय गाडी खोलल्यावर आत आणखी तुटफूट सापडते आणि पुरवणी अंदाजपत्रक येते; ते मंजूर होईपर्यंत काम थांबते. सीमारेषेजवळची गाडी या टप्प्यावर अचानक टोटल लॉसमध्ये जाऊ शकते. त्यामुळे खोलण्यास लेखी संमती देण्याआधीच, गाडी दुरुस्त न झाल्यास खोलण्याची मजुरी कोण देणार, हे वर्कशॉपकडून लिहून घ्यावे.

टोटल लॉसच्या बाजूने

टोटल लॉसमध्ये सुट्या भागांचा घसारा लागत नाही, आणि पॉलिसीच्या मुदतीत अपघात केव्हाही झाला तरी छापलेली आयडीव्ही तशीच धरली जाते. पॉलिसी संपायला महिना उरला असताना अपघात झाला तरी रक्कम कमी होत नाही. मात्र हप्ता थोडा कमी बसावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही खाली उतरवण्याची जी सवय अनेकांना असते, तिची किंमत येथे मोजावी लागते: गाडी लवकर रेघेपलीकडे जाते आणि हाती येणारी रक्कमही तोकडी असते. बाजारात साडेतीन लाखांना विकली जाणारी गाडी मालकाने अडीच लाखांच्या आयडीव्हीवर विमा करून ठेवली असेल, तर त्याने टोटल लॉस टाळण्यासाठीच प्रयत्न केलेला बरा.

कर्ज असलेल्या गाडीचे गणित वेगळे आहे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर रक्कम आधी बँकेच्या कर्जखात्यात जाते आणि उरली तर मालकाला मिळते. आयडीव्ही ४ लाख आणि कर्जाची बाकी ४ लाख ६० हजार असेल, तर गाडी गेल्यावरही ६० हजार फेडायचेच आहेत. नव्या गाडीवर रिटर्न टू इन्व्हॉइसचे जोडकवच घेतलेले असल्यास ही दरी भरून निघते, कारण त्यात आयडीव्हीऐवजी खरेदीची बिल किंमत, आणि बहुतेक पॉलिसींत नोंदणी व रस्ता करही मिळतो.

नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, विचार मात्र या तुलनेत आणण्याचे कारण नाही, कारण स्वतःच्या नुकसानीचा दावा दोन्ही वाटांनी केला तरी तो जातो.

मोड स्वतःकडे ठेवायची का?

टोटल लॉस ठरल्यावर कंपन्या सहसा दोन प्रस्ताव ठेवतात. पहिल्यात गाडीचा सांगाडा, म्हणजे उरलेली मोडकी गाडी, कंपनीच्या हवाली करून पूर्ण रक्कम घ्यायची. दुसऱ्यात सांगाडा मालकाने ठेवायचा आणि लिलावात त्याला आलेली सर्वोच्च बोली रकमेतून वजा करून घ्यायची. वरील उदाहरणात बोली १ लाख ३० हजारांची आली, तर मालकाला २ लाख ६९ हजार आणि मोडकी गाडी मिळेल. ओळखीच्या गॅरेजमध्ये जुन्या बाजारातले भाग घालून ती २ लाखांत उभी राहत असेल, तर ६९ हजार हाती उरतात, आणि या आकड्यानेच बरेच जण मोहात पडतात.

मला हा सौदा फारच थोड्या वेळा पटतो. उघडलेल्या एअरबॅग बसवण्याचा खर्च वाचवून केवळ डॅशबोर्डवरची बत्ती विझवणारे जुगाड सर्रास होतात, आणि त्या गाडीत पुढच्या सीटवर घरचेच माणूस बसणार असते. दाव्यानंतर जुनी पॉलिसी संपुष्टात येते. गाडी रस्त्यावर आणण्याआधी नवा विमा घ्यावा लागतो आणि त्यासाठी कंपनी गाडीची तपासणी करते. ज्याचे स्वतःचे गॅरेज आहे किंवा जो भागांचा व्यवहार जाणतो, त्याच्यासाठी गोष्ट निराळी.

सांगाडा कंपनीने नेमलेल्या खरेदीदाराला द्यायचा असेल तर आरसीचे काय होणार, हे पैशांइतकेच महत्त्वाचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाल्यास मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते, म्हणजे नोंदणी रद्द होते. आरसीसह गाडी विकली जाणार असेल तर मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर खरेदीदाराचे नाव न भरता कोऱ्या सह्या देऊ नयेत. नोंदीवर नाव जुन्याच मालकाचे राहिले आणि त्या गाडीने पुढे अपघात केला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडीचा ताबा दिल्याची तारीख-वेळ असलेली पोच आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय दुसरी चावी सोडू नये.

मग ठरवायचे कसे

पाच वर्षांच्या आतली, झिरो डेप असलेली, सांगाड्याला मार नसलेली गाडी दुरुस्त करून घ्यावी. सात-आठ वर्षांच्या गाडीचा पुढचा भाग पिलरपर्यंत आत गेला असेल, तर स्वतःच्या खिशातले लाख-सव्वा लाख घालून तिला उभी करण्यापेक्षा टोटल लॉसचा आग्रह धरावा. तेथे मूल्यांकन रेघेखाली असले तर सांगाड्याच्या दुरुस्तीचा आणि लपलेल्या तुटफुटीचा खर्च अंदाजपत्रकात पूर्ण आला आहे की नाही, हे वर्कशॉपच्या सल्लागारासमोर बसून एकेक ओळ तपासावे. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांना, ज्यांचा अनुभव सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने मोठ्या प्रमाणावर घेतला, हा निकष जशास तसा लागू होत नाही. वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये पाणी गेलेली गाडी दुरुस्तीनंतरही कुरकुरत राहते, म्हणून तेथे माझा कल टोटल लॉसकडेच आहे.

कंपनीचा निर्णय पटला नाही तर सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागावी आणि घसाऱ्याचा प्रत्येक आकडा पडताळावा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर मराठवाड्यातील मालकाला पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षभराच्या आत विनाशुल्क दाद मागता येते आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणे तेथे चालतात. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. मात्र रक्कम ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून स्वीकारल्याच्या पावतीवर सही करण्याआधीच हे पाऊल उचलावे, कारण सहीनंतर तीच पावती कंपनी आपल्यासमोर ठेवते.