साखर पेशीत शिरते कशी: आतड्याची युक्ती आणि स्नायूची

पोहे पचले की त्यातल्या स्टार्चचं ग्लुकोज होतं. पण पेशीच्या पडद्यातून ते आपोआप झिरपत नाही.

आतड्यात खरा राबणारा म्हणजे सोडियम-पोटॅशियम एटीपेझ. हे एन्झाइम एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून 3 सोडियम बाहेर फेकतं, 2 पोटॅशियम आत घेतं. पेशीत सोडियमचा तुटवडा पडला की बाहेरचं सोडियम आत घुसायला बघतं आणि दारातलं वाहक प्रथिन दर 2 सोडियममागे 1 ग्लुकोज ओढून घेतं. गंमत म्हणजे एन्झाइम साखरेला हातही लावत नाही! जुलाबात मीठ-साखरेचं पाणी लागू पडतं ते याच जोडीमुळे. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी हे एन्झाइम 1957 मध्ये दाखवलं. नोबेल मिळालं थेट 1997 मध्ये.

स्नायूत इन्सुलिन दारं वाढवतं, साखर उतारावरून, म्हणजे जास्त असते तिथून कमी असते तिथे, येते. हेक्सोकायनेझ हे एन्झाइम एटीपी खर्चून तिला लगेच फॉस्फेट चिकटवतं. मग तिला त्याच दारातून परतता येत नाही. अशी साखर साचली की एन्झाइम स्वतःच मंदावतं.

आतड्यातली शेवटची साखर चढावर, म्हणजे कमी असते तिथून जास्त असते तिथे, खेचायला पहिलीच युक्ती हवी. तरी मला दुसरी जास्त आवडते: इथला एटीपी निव्वळ ओढाताणीत जात नाही, फॉस्फेट लावणं हीच साखर जाळण्याची पहिली पायरी असते.