चष्मा एक नंबर केला, पण माझा ईमेल प्रचाराला दिला

नाशकात कॉलेज रोडजवळचं चष्म्याचं दुकान आहे, नाव लिहीत नाहीये, का ते खाली कळेल. आधी चांगलं सांगते. मला पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह काच (दूरचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसतं ती) लागली, आणि काकांनी घाई अजिबात केली नाही, फ्रेम चढवून सरळ बघायला लावलं, बुबुळाच्या समोर काचेवर मार्करने ठिपका केला, मग परत चालायला लावलं, जिना उतरायला लावला. चार दिवसांत सवय झाली. कामाला पाचपैकी पाच.

बिलाच्या वेळी काउंटरवरच्या मुलाने मोबाईल, ईमेल आणि जन्मतारीख मागितली, वाढदिवसाला डिस्काउंट मिळतो म्हणाला. मी कुठेही जीमेल देताना नावापुढे अधिकचं चिन्ह टाकून त्या दुकानाचा शब्द जोडते, मेल आपल्याच इनबॉक्सला येतो पण कुठून आला ते कळतं. इथे 'चष्मा' जोडला होता.

मग जानेवारी २०२६, मनपाची निवडणूक, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी १५ तारखेला मतदान, आणि आमच्या प्रभागातल्या एका उमेदवाराचा मेल आला तो नेमका त्या चष्मावाल्या पत्त्यावर!! आणि पाठवणाऱ्याने बीसीसी (म्हणजे एकमेकांचे पत्ते न दिसता पाठवणं) न करता सगळे पत्ते वरच टाकलेले, शेकड्याने लोक, त्यात आमच्या सोसायटीतल्या दोघी. माझ्या वाढदिवसाला त्याच उमेदवाराच्या शुभेच्छा, फोटोसकट. म्हणजे जन्मतारीखही गेली. नंतर त्याच पॅनलच्या बाकी तिघांचे मेल सुरू. नाशकात १२२ जागा आणि ३१ प्रभाग, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे, त्यामुळे यादी एकाच्या हातात पडली की चौघांकडे फिरते.

मी दुकानात गेले आणि काकांना मेल दाखवला. ते म्हणाले, "अहो ताई, त्या उमेदवाराच्या ऑफिसमधला मुलगा आला होता, आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी, एक्सेल मागितली, पेनड्राइव्हवर दिली, मतदारयादी तर सगळ्यांना मिळतेच ना." पण त्यात ईमेल नसतो काका! मतदारयादीत नाव, वय, घर नंबर, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, मोबाईल आणि ईमेल छापलेला नसतो, म्हणून तर प्रचारवाले दुकानं, जिम, क्लासेस, सोसायट्यांचे ग्रुप यांच्याकडून याद्या गोळा करतात आणि मग मतदारयादीतल्या नावाशी जुळवून बसवतात. माझं घर, वय आणि ईमेल एकत्र कुणाच्या लॅपटॉपवर पडलंय याचा मला खरंच त्रास होतो, मी एकटी राहते.

काकांना वाईट वाटलं ते दिसत होतं, म्हणून नाव लिहिलं नाही. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिने दिलेत. तोवर काय, कुणीही पेनड्राइव्ह घेऊन यायचं? माहिती ज्या कामाला घेतली त्याच कामाला वापरायची, एवढं कळायला कायदा कशाला लागतो. मी बिलासाठी पत्ता दिला होता, प्रचारासाठी नाही.

काकांनी माझ्यासमोर माझी नोंद खोडली, आणि आता ईमेल सक्तीने मागत नाहीत म्हणे. पण बाहेर गेलेली फाईल परत येत नाही, कालच आणखी एक मेल आला. म्हणून पाचचे तीन स्टार. आईचा चष्मा इथेच करणार, काचेचं काम इतकं नीट करणारं दुसरं कुणी मला सापडलं नाही, बिलावर फक्त नाव लिहायला सांगणार आहे.