रायमिंग वर्ड्सचा डबा: घ्या, पण ही कार्डं आधी बाजूला काढा

मिरजेत मी दुसरी ते चौथीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. जूनमध्ये वह्या-पुस्तकांची खरेदी सुरू झाली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला: "बाई, ते रायमिंग वर्ड्सचे कार्ड मिळतात, घेऊ का?" २००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. स्वाध्यायात जुळणारे शब्द शोधायचा प्रश्न येतो, आणि घरात आई-बाबा अडतात. म्हणून हा डबा खपतो. यंदा मीच एक विकत घेतला आणि वर्गात चांगला वापरून बघितला.

प्रकाशकाचं नाव लिहीत नाही. दुकानात दुसऱ्या दोन कंपन्यांचे डबेही उघडून पाहिले, माल थोड्याफार फरकाने तोच आहे. छापील किंमत ३४९ रुपये, दुकानदाराने ३०० ला दिला. आत १२० कार्डं, एक घडीचा तक्ता, सोळा पानांची पुस्तिका आणि झाकणावर क्यूआर कोड. कार्डाच्या पुढे चित्र आणि इंग्रजी शब्द, मागे देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ. एका घराण्याच्या शब्दांना एकाच रंगाची कडा: कॅट, बॅट, रॅट, हॅट पिवळ्या, बेस्ट, नेस्ट, रेस्ट निळ्या. दहा कार्डं कोरी दिली आहेत, ती कशासाठी ते पुस्तिकेत लिहायचं राहून गेलंय. पण त्यांचा उपयोग पुढे सांगते.

पुठ्ठा जाड आहे, कोपरे गोल आहेत, लहान हातांना लागत नाहीत. लॅमिनेशन मात्र ओल्या बोटांना टिकत नाही, महिनाभरात कडेने सुटायला लागतं. दुसरं, यातला छापील ‘ए’ हा डोक्यावर छत्री धरलेला ‘ए’ आहे. मुलं शाळेत लिहितात तो साधा, गोल पोटाचा. पहिलीतलं पोर हा ‘ए’ बघून सरळ म्हणतं, हे अक्षर आम्हाला शिकवलेलं नाही. लहान मुलांसाठी छापणाऱ्याला एवढं कळायला हवं.

आता मुद्द्याचं. यमक जुळवणं हा अर्धा खेळ झाला. बाकीचा अर्धा म्हणजे त्या शब्दाचा अर्थ मुलाला पुढच्या वाक्यात कामाला येणं. आणि डबा तिथेच गडबडतो. प्रत्येक कार्डावर एकच अर्थ, आणि तो बहुतेक वेळा चित्र काढायला सोपा म्हणून निवडलेला.

लाइन, नाइन, माइन, फाइन हे घराणं घ्या. माइन म्हणजे खाण, फाइन म्हणजे दंड. चूक म्हणता येणार नाही. पण ज्या मुलाला रोज सकाळी वर्गात ‘आय ॲम फाइन’ म्हणायचं असतं, त्याच्या हातात हे कार्ड दिलं की काय होतं? चौथीतल्या एका पठ्ठ्याने मला गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बाई, म्हणजे मी दंड आहे?" त्याच्या शेजारची लगेच म्हणाली, "आणि धिस बुक इज माइन म्हणजे हे पुस्तक खाण आहे!" मग दहा मिनिटं वर्ग कुणाच्या ताब्यात होता ते विचारू नका. कॅन म्हणजे डबा, मग ‘आय कॅन’चं काय? वेल म्हणजे विहीर, आणि चांगल्या अक्षराखाली मी जे ‘व्हेरी वेल’ लिहिते ते? राइट म्हणजे उजवा, मग ‘राइट आन्सर’ हे उजवं उत्तर ठरतं. सगळ्यात कमाल ‘माइट’ची: कार्डावर गदा घेतलेला पैलवान आणि मागे ‘सामर्थ्य’. तिसरी-चौथीत मुलाला भेटतो तो माइट ‘कदाचित’वाला, ‘इट माइट रेन’ मधला. पैलवान त्याला दहावीपर्यंत भेटायचा नाही.

उपाय सोपा आहे. मागच्या बाजूला कायम शाईच्या पेनाने दुसरा अर्थ आणि तीन शब्दांचं वाक्य लिहून टाका. मी वीसेक कार्डांवर असं लिहिलंय. जागा पुरते, कारण प्रकाशकाने मागचा अर्धा भाग आपल्या चिन्हासाठी मोकळा ठेवलाय.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. घराणी ठरवली आहेत ती कानाने नव्हे, शेवटची तीन-चार अक्षरं बघून. कॅट-बॅटला ते चालतं. पण जांभळ्या घराण्यात फाउंड, राउंड, साउंड यांच्या पंगतीला गुडघ्याला पट्टी बांधलेलं एक कार्ड बसवलंय: डब्ल्यू-ओ-यू-एन-डी, अर्थ ‘जखम’, उच्चार ‘वाउंड’. जखमेचा उच्चार ‘वूंड’ आहे. ‘वाउंड’ असा उच्चार याच स्पेलिंगचा होतो, पण तेव्हा अर्थ ‘गुंडाळलं’. तसंच बेअर, पेअर, वेअर यांच्यात टी-ई-ए-आर आहे. ‘टेअर’ म्हणजे फाडणं, यमक बरोबर जुळलं असतं. चित्र फाटलेल्या कागदाचं हवं होतं. काढलंय रडणारं पोर, अर्थ ‘अश्रू’. तो अश्रू ‘टिअर’ असतो आणि त्याची जोडी फिअर, निअर, हिअर यांच्याशी. म्हणजे अर्थ बदलला की यमकही बदलतं, आणि नेमकी हीच गंमत मुलांना दाखवायची सोडून डब्याने ती पुसून टाकली. लव्ह, ग्लव्ह, डव्ह यांच्यात मूव्ह आणि स्टोव्हही घुसवलेत. तक्त्याच्या शेवटच्या चौकटीत तर कहर आहे. ओ-यू-जी-एच ने संपणारे पाच शब्द: खोकल्याचा कॉफ, कणकेचा डो, फांदीचा बाउ, कठीणचा टफ आणि आरपारचा थ्रू. पाच शब्द, पाच वेगळे आवाज, आणि वर ठळक अक्षरांत ‘रायमिंग फॅमिली’. यांचे खरे सोयरे शोधायचे तर कॉफचा ऑफ, डोचा गो, बाउचा काउ, टफचा स्टफ आणि थ्रूचा ब्लू.

हे असं का, हे मुलं विचारतातच, म्हणून थोडक्यात. त्या जी-एच चा एके काळी घशातून घासत येणारा, ‘ख’च्या जवळचा आवाज होता. लाइट, नाइट या शब्दांतही तो होता. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, पुढे हळूहळू स्पेलिंगं पक्की होत गेली आणि त्याच शतकांत बोलणं मात्र सरकत राहिलं. काही शब्दांत तो आवाज गळाला, काहींत ‘फ’ झाला. अक्षरं जिथल्या तिथे राहिली. स्पेलिंग बघून यमक लावायची हौसही आजची नाही. १७७५ साली लंडनमध्ये जॉन वॉकरने यमकांसाठी कोश काढला, त्यातले शब्द शेवटच्या अक्षराकडून मागे स्पेलिंग वाचत लावलेले होते. पण तो उच्चारशास्त्री होता, उच्चारांचे नियमही तो देत होता. आपल्या डब्यात अशी सूचना एका ओळीचीही नाही.

आता देवनागरी उच्चारांबद्दल. पालकांना ही सोय आवडते, मलाही आवडते. कॅट, हॉट लिहायला आपल्याकडे ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आहेत हे भाग्यच. पण ‘ए’पाशी घोटाळा होतो, आणि तो प्रकाशकाचा एकट्याचा नाही, आपला सगळ्यांचा आहे. निळ्या घराण्यात बेस्ट, नेस्ट, रेस्ट, टेस्ट, वेस्ट. हिरव्या घराण्यात पेस्ट, टेस्ट, वेस्ट, हेस्ट. आता दोन्हीकडची ‘टेस्ट’ समोरासमोर ठेवा. एक परीक्षा, एक चव. निळी ‘वेस्ट’ तर दोनदा आहे, एकदा बनियन आणि एकदा पश्चिम. हिरवी वेस्ट म्हणजे वाया घालवणं. आणि कंबर म्हणजेही वेस्टच. देवनागरीत सगळं एकसारखं दिसतं, म्हणून मुलं बिनदिक्कत बेस्ट आणि पेस्टचं यमक जुळवतात. वर ते बरोबरही वाटतं, कारण आपण दात घासायच्या पेस्टला आणि झुरळांच्या पेस्ट कंट्रोलला एकाच तोंडाने पेस्ट म्हणतो!

फरक कानाला असा कळतो: परीक्षेचा ‘टे’ तोडून टाकायचा, झटकन. चवीचा ‘टे’ लांबवायचा आणि शेवटी पुसटसा ‘इ’ येऊ द्यायचा, टेइस्ट. वर्गात मी हात दाखवून करून घेते, तोडायचं तेव्हा टिचकी, लांबवायचं तेव्हा हात बाजूला नेत. एकदा हे कळलं की पुढे रांगच लागते. पेन लिहायचं आणि पेन दुखायचं. गेट मिळण्याचं आणि गेट फाटकाचं. वेट ओलं आणि वेट थांबण्याचं. लेट ‘जाऊ दे’चं आणि लेट उशिराचं. सेल विकण्याचं आणि सेल शिडाचं. बेल घंटेची आणि बेल कोर्टातली, शिवाय महादेवाचा बेल आहेच, असं एका मुलीने लगेच सुचवलं. या जोड्या एकमेकांशी जुळत नाहीत, प्रत्येकाचं घराणं वेगळं. मुलं अर्थ विचारत विचारत आवाज पकडतात, उलटं होत नाही, हे मी वर्गात बघितलंय. कोरी दहा कार्डं मी यातच खर्च केली. तुम्हीही तेच करा.

क्यूआर कोड स्कॅन केला की एका बाईंच्या आवाजात शब्द ऐकू येतात. आवाज स्वच्छ, पण ढंग अमेरिकन. कार्डावर हॉट, पॉट, डॉट लिहिलंय आणि मोबाइल म्हणतो हाट, पाट, डाट. पाट म्हटल्यावर पोरं जेवायलाच बसली. क्लास, ग्लास, ग्रास हे फोनमधून क्लॅस, ग्लॅस, ग्रॅस होऊन येतात. यात चूक कुणाचीच नाही, पण छापलेलं आणि बोललेलं एका डब्यात तरी जुळावं. मी आवाज बंद ठेवते.

एवढं बोलल्यावर कौतुकही करायला हवं, कारण एक घराणं यांनी फार सुरेख केलंय. टम्बल, स्टम्बल, मम्बल, ग्रम्बल, क्रम्बल. गडगडत पडणं, ठेचकाळणं, पुटपुटणं, कुरकुरणं, भुगा होणं. चित्रंही जिवंत आहेत. ग्रम्बलवरच्या आजोबांच्या कपाळावरची आठी बघून मुलं अर्थ न वाचता ‘कुरकुर’ म्हणाली. इंग्रजीत असे काही आवाज आहेत की त्या घराण्यातले बरेच शब्द अर्थानेही एकमेकांचे चुलतभाऊ निघतात. क्रॅश, स्मॅश, डॅश, स्प्लॅश हेही तसेच, सगळीकडे काहीतरी आपटतंय. आपल्या गडगड, धडधड, खडखड वापरणाऱ्या मुलाला हे सांगावंच लागत नाही. आणि त्याच घराण्यात ‘हम्बल’ म्हणजे नम्र ठेवलाय, तो एकटा गप्प, कुठेही न धडपडणारा. ‘घुसखोर कोण?’ हा खेळ मी इथूनच सुरू करते: चार अर्थ सांगायचे, यमक जुळतं पण अर्थाने वेगळा तो ओळखायचा. पुस्तिकेतल्या ‘जोडी लावा’पेक्षा हा खेळ पोरं दुप्पट वेळ खेळतात.

जे घराणं डब्यात मुळीच नाही ते म्हणजे स्पेलिंग वेगळं, आवाज एक असं. बर्ड, वर्ड, थर्ड, हर्ड: पक्षी, शब्द, तिसरा, ऐकलं. चार शब्द, शेवटाची तीन वेगळी स्पेलिंगं, यमक चोख. बेड, रेड, हेड, सेड तसेच. शू, टू, ब्लू, थ्रूही. तीन अक्षरांची फूटपट्टी लावली की हे दिसणारच नाहीत. जुनी कॅलेंडरं कापून त्याच मापाची कार्डं करा, झालं.

तर कुणी घ्यावा? दुसरी-तिसरीच्या मुलाच्या पालकांनी घ्यावा, फक्त जखमेचं, अश्रूचं, मूव्हचं आणि स्टोव्हचं कार्ड आधी काढून ठेवा आणि तक्त्याची शेवटची चौकट कागद चिकटवून झाका. बालवाडीसाठी नको, त्यांना अर्थापेक्षा गाणं हवं. शिक्षकांनी घेऊ नये, तेवढ्या पैशात कार्डशीट आणि स्केचपेनं येतात आणि घराणी आपल्या कानाने लावता येतात. ऑनलाइन ३४९ वर पाठवणीचे वेगळे पडतात, त्यापेक्षा दुकानात जाऊन घ्या आणि पैसे देण्याआधी डबा उघडून कार्डं मोजा. माझ्या डब्यात ‘नेस्ट’ दोन होती आणि ‘रेस्ट’ नव्हतंच.