म्हापशातली १० मीटर रेंज: शिस्त चोख, पण सिलिंडरकडे लक्ष हवं

एअर रायफल शिकवणाऱ्या या छोट्या रेंजवर नळीचं तोंड कायम टार्गेटकडेच असतं. ‘स्टॉप’ म्हटलं की बोल्ट (छर्रा भरायची खिटी) उघडायचा, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत पट्टी) घालायचा, मगच रायफल खाली. यात सवलत कुणालाच नाही, आणि हेच मला सगळ्यात आवडलं.

नवख्यांची हमखास फजिती म्हणजे एकावर एक दोन छर्रे भरणं. गप्पांच्या नादात पहिला भरल्याचं विसरतं, मग नेम खाली जातो किंवा दोन्ही नळीतच अडकतात. अशा वेळी पुन्हा झाडून बघू नका. इथले प्रशिक्षक रायफलला जोडलेला दाबाच्या हवेचा सिलिंडर काढतात, उरलेली हवा सोडतात आणि मगच रॉड घालतात. पद्धत अगदी बरोबर.

सिलिंडरच्या बाबतीत मात्र ढिलाई आहे. २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) हवा भरतात, पण त्यावर कोरलेली मुदतीची तारीख कुणी पाहत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात कॉम्प्रेसरचं पाणी वेळच्या वेळी काढलं नाही तर ओल आत जाते, गंज धरतो. भरण्याआधी तारीख स्वतः वाचा.

बेसिनवर साबणही नव्हता. ४.५ मिमीचे छर्रे शिशाचे असतात. त्याच हातांनी पोरं भाजी-पाव खातात. साबण घरून न्या.