रॉल्स की नोझिक?
समाजात संपत्तीची न्याय्य वाटणी कशी ठरवावी, यावर जॉन रॉल्स पटतो की रॉबर्ट नोझिक? दोघेही हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते; या प्रश्नावरची त्यांची मांडणी अनुक्रमे १९७१ आणि १९७४ची.

नोझिकचं उदाहरण डोक्यातून जात नाही. बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचा खेळ बघायला दहा लाख माणसं खुशीनं प्रत्येकी २५ सेंट देतात, त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. जबरदस्ती कुणावरच नाही, मग सरकारनं त्यातला वाटा का घ्यावा?

रॉल्स त्याही आधीचं विचारतो: कोण कुठल्या घरात, कोणत्या उपजत गुणांसह जन्मलं? आपण कोण असू हे ठाऊक नसताना नियम ठरवा, म्हणतो तो. मग विषमता तळातल्याचं भलं करत असेल तरच चालेल. मूलभूत स्वातंत्र्यांना मात्र तोही धक्का लावू देत नाही.

माझं मत रॉल्सलाच. मूळ मालकी न्यायानं मिळालेली हवी, ही नोझिकची स्वतःची अट इतिहासात फार थोड्या जमिनींबाबत पूर्ण होते.