गाडीतला डबा टीव्ही काढून एलईडी बसवला, त्याला नऊ महिने झाले

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या गाडीतला जुना चौदा इंची डबा टीव्ही काढला आणि २४ इंची एलईडी बसवला. आता मृग तोंडावर आलाय. या नऊ महिन्यांत गाडी मोझरी, मार्कंडा, चिखलदरा, शेगाव अशी फिरली आणि मधले दोन महिने आमच्याच वावरात हरभऱ्याच्या जागलीला उभी होती. टीव्हीने थंडी पाहिली, धूळ पाहिली, ब्रह्मपुरीचा मे महिनाही पाहिला. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी गाडीबद्दल. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस घेतली. सीट काढल्या, मागे आईसाठी सागवानी दिवाण केला, त्याच्यावर एक माळा, बाजूला शेगडीचा ओटा, टपावर पाण्याची टाकी आणि १६० वॅटचं सोलर पॅनल. ड्रायव्हरच्या मागच्या पार्टिशनवर उंचावर टीव्हीचा कप्पा. आईचे गुडघे गेलेले आहेत, एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. देवाला जायची तिची हौस मात्र कमी झाली नाही, आणि ही गाडी त्याच हौसेपोटी झाली. मुक्कामी संध्याकाळी दिवाणावर पडून सह्याद्री वाहिनी किंवा एखादं कीर्तन बघणं, एवढीच तिची करमणूक.

डबा टीव्ही अकरा वर्षं चालला. चित्र शेवटपर्यंत चांगलं होतं, हे आधीच कबूल करतो. त्रास होता दोन गोष्टींचा. पावसाळ्यात हवा ओली झाली की मागून चर्र असा आवाज यायचा आणि एक उग्र वास सुटायचा. मेकॅनिक म्हणाला, फ्लायबॅक (आतला हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर) लीक मारतोय, आता हा पार्ट मिळणं कठीण. दुसरा त्रास विजेचा. टीव्हीच्या पाठीवरच्या पट्टीवर ६५ वॅट लिहिलेलं, वर सेटटॉप बॉक्स, आणि हे सगळं बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत. बॅटरीचं १२ व्होल्ट डीसी आधी २३० व्होल्ट एसी करायचं आणि टीव्हीने आत ते परत डीसी करून वापरायचं. प्रत्येक पायरीला थोडी वीज उष्णता होऊन जाते. इन्व्हर्टर साधा, स्क्वेअर वेव्हचा, त्यामुळे पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकायच्या आणि स्पीकरमधून गुणगुण यायची ती वेगळीच.

बाबांच्या क्लॅम्प मीटरने मोजलं तेव्हा बॅटरीतून ८ अँपिअर जात होते. चार तास टीव्ही म्हणजे ३२ अँपिअर-तास. आमची बॅटरी १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर लेड-ॲसिड. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी ७५ च. दोन पंखे रात्रभर २४ खातात, दिवे ५, शिवाय पाण्याचा पंप आणि मोबाइल. श्रावणात दोन दिवस आभाळ राहिलं की पहाटे पंखे मंदावायचे आणि आई उकाड्याने उठून बसायची. टीव्ही बदलायचं खरं कारण हे. चित्राची तक्रार कोणाचीच नव्हती.

नव्या टीव्हीला इन्व्हर्टर लागत नाही. घेताना मी एकच अट धरली होती की मागे ‘डीसी १२ व्होल्ट’ लिहिलेलं गोल पिनचं छिद्र हवं. २४ इंचांपर्यंतच्या कितीतरी टीव्हींना लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो, तो बहुधा १२ व्होल्टच देतो. असा टीव्ही थेट बॅटरीच्या वायरिंगवर चालवता येतो. ज्यांच्या मागून सरळ २३० व्होल्टची दोन पिनांची वायर निघते, ते गाडीसाठी घेऊ नका. आता टीव्ही आणि बॉक्स मिळून मीटर ३ अँपिअरच्या आत दाखवतं. चार तासांचे १२. पूर्वी ३२ जायचे. पंखे सकाळपर्यंत एका गतीने फिरतात.

पण इथवर यायला मला एक टीव्ही उगाच घ्यावा लागला, आणि ती चूक कोणी करू नये म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला टीव्ही तालुक्याच्या एका दुकानातून घेतला. काउंटरमागे भिंतीवर लागलेला होता, मी समोर उभा, चित्र झकास. घरी आणून बाबांनी आणि मी दिवसभर खपून तो पार्टिशनवर चढवला, आईला दिवाणावर झोपवलं आणि चालू केला. दोन मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “काऊन रे बापा, या मान्सायची तोंडं काळी काऊन दिसते?”

मी उभा होतो, मला सगळं नीट दिसत होतं. तिच्या शेजारी आडवा झालो तेव्हा कळलं. निवेदिकेचा चेहरा काळपट, साडीचा रंग उडालेला, केस पांढुरके, अगदी फोटोच्या निगेटिव्हसारखं. पडदा टीएन पॅनलचा होता. हे पॅनल समोरून चांगलं दिसतं, पण खालून बघितलं की उजेड-अंधार उलटे होतात. डबा टीव्हीत हा प्रश्न कधी आलाच नाही, कारण त्याची काच कुठूनही सारखीच दिसते. ब्रॅकेट पुढे झुकवून बघितलं. थोडा फरक पडला, पण दिवाणावरची उशी इतकी खाली आहे की पुरेसा कोन मिळेना. दुकानदार म्हणाला, खोकं फोडलं, आता परत नाही. तो टीव्ही शेवटी साळ्याच्या घरी गेला. तिथे तो खुर्चीच्या उंचीवर आहे आणि त्यांना कुठलीच तक्रार नाही.

दुसऱ्या वेळी यवतमाळला गेलो. दुकानात टीव्ही लावायला सांगितला आणि फरशीवर बसूनच बघितला. नंतर डावीकडून, उजवीकडून, पार भिंतीला टेकून. बघितलेल्यांपैकी तिसरा टीव्ही आयपीएस पॅनलचा निघाला, खालूनही चेहऱ्याचा रंग बदलला नाही. तिथल्या पोराने विचारलं, “भाऊ, खाली कावून बसले?” त्याला आईचं सांगितलं तर त्याने स्वतःहून आणखी दोन मॉडेल लावून दाखवले. स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर पॅनलचा प्रकार बहुतेक लिहिलेला नसतो, त्यामुळे डोळ्यांनीच बघून घ्यावं लागतं. घरी ज्या जागेवरून बघणार, दुकानातही तसंच बघा.

वायरिंगमध्येही एकदा ठेच लागली. बॅटरी मागे, टीव्ही पुढे, मध्ये सहा मीटर. मी घरात पडलेली बारीक वायर टाकली होती. हरभऱ्याच्या वेळी कृषिपंपाची लाइन रात्रीच्या पाळीत होती, पाणी देण्यासाठी आम्ही वावरातच मुक्कामाला असायचो. रात्री अकराच्या पुढे बॅटरी जरा उतरली की टीव्ही बंद व्हायचा, आपोआप चालू व्हायचा, परत बंद. मला वाटलं टीव्ही गेला. बाबांनी टीव्हीच्या पिनेवर मीटर लावलं आणि मग बॅटरीवर. जवळपास एक व्होल्ट वाटेतच हरवत होता. जाण्या-येण्याची मिळून वायर बारा मीटर होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकली, बॅटरीपाशी ५ अँपिअरचा फ्यूज घातला, ते खूळ थांबलं.

त्याच वेळी एक डीसी टू डीसी कन्व्हर्टरही बसवला. बारा व्होल्टची बॅटरी बारावर कधीच नसते. गाडी चालू असताना आल्टरनेटर तिला १४.४ पर्यंत नेतो, पहाटे ती ११.८ वर आलेली असते. हा डबीएवढा कन्व्हर्टर आत यातलं काहीही येवो, बाहेर बरोबर १२ देतो. नऊशे रुपये गेले. टीव्ही साडेसात हजारांचा आहे, त्यापुढे हा खर्च मला जास्त वाटत नाही. ट्रक किंवा मोठ्या बसवर घर केलं असेल तर तिथे वायरिंग २४ व्होल्टची असते, तिथे कन्व्हर्टरशिवाय टीव्ही लावूच नका, जळेल.

छत्रीचं म्हणाल तर फ्री डिशच ठेवली. महिन्याचा रिचार्ज नाही, वर्षातले कितीतरी दिवस गाडी अंगणातच उभी असते. टपावरचा जुना अँटेना काढून टाकला, दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद झाल्यावर तो नुसताच वारा खात होता. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी तिपाई करून घेतली आणि छत्री तिच्यावर. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्या यवतमाळ-अमरावतीकडून तो आग्नेयेला येतो, आकाशात साधारण ६० अंश वर. छत्रीचा चेहरा मात्र तेवढा वर बघत नाही, कारण या छत्र्यांचा एलएनबी, म्हणजे समोरचा सिग्नल पकडणारा डबा, खालून आडवा आलेला असतो. पहिल्यांदा मी छत्री पार आभाळाकडे वळवून अर्धा तास घालवला होता. आता मोबाइलचं होकायंत्र आणि तिपाईवर रंगाने मारलेली खूण, एवढ्यावर पाच मिनिटांत सिग्नल येतो.

उन्हाळ्यात मात्र एक पेच पडतो. गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावावी तर पानांमुळे सिग्नल नाही, उघड्यावर लावावी तर आत भट्टी. यावर वीस मीटरची केबल घेतली. गाडी सावलीत, छत्री उन्हात. मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या यात्रेत तर माझी छत्री चार गाड्या ओलांडून वैनगंगेच्या बाजूला उभी होती आणि रात्री तिच्या पायाशी कोणीतरी पणती लावून ठेवलेली होती, अंधारात कोणाचा पाय अडकू नये म्हणून.

उन्हाचा एक प्रसंग ब्रह्मपुरीचा. मामाकडे लग्न होतं, गाडी दिवसभर बंद, खिडकीतून तिरपं ऊन थेट पडद्यावर. दुपारी टीव्ही लावला तर उजव्या बाजूला पोळीएवढा काळा डाग, कडा शाईसारख्या पसरलेल्या. माझ्या पोटात गोळाच आला. लगेच बंद केला, खिडक्या उघडल्या, ओलं चादर-गोणपाट खिडकीवर टांगलं, टीव्हीला हात लावला नाही. दीड तासाने डाग आपोआप गेला. एलईडी टीव्हीचा पडदाही एलसीडीच असतो, त्याच्यातला द्रव फार तापला की त्याची रचना मोडते आणि तेवढा भाग काळा पडतो, थंड झाल्यावर तो पूर्ववत होतो. पण हे वारंवार होऊ देण्यात शहाणपण नाही. मॅन्युअलमध्ये ४० अंशांपर्यंत वापरा असं छापलंय आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ च्या वर जातं. तेव्हापासून गाडी उभी केली की पडद्यावर आईच्या जुन्या लुगड्याची दुहेरी झूल टाकतो.

आवाज हा या टीव्हीचा खरा कमीपणा. स्पीकर पाठीमागे, आवाज पार्टिशनवर आपटून येतो, कीर्तनातले शब्द कळत नाहीत आणि टाळ तेवढे कानात घुसतात. डबा टीव्हीचा स्पीकर समोर होता, तो यात कितीतरी सरस. हेडफोनच्या छिद्रातून एक छोटा स्पीकर जोडून आईच्या उशाशी ठेवला. आता आवाज कमी ठेवूनही तिला ऐकू येतं आणि माळ्यावर पोरं झोपू शकतात. ही सोय नऊ महिन्यांतली सगळ्यात चांगली, असं आई म्हणते.

स्मार्ट टीव्ही मुद्दाम घेतला नाही. चिखलदऱ्याच्या वाटेवर मोबाइलला रेंज नसते, तिथे त्याचं काय करणार? साधा टीव्ही बटण दाबलं की लागतो, आणि पेनड्राइव्हवर भरून नेलेली भजनं चालतात. चित्राचं एकच सांगतो, सुरुवातीला सगळी माणसं आडवी पसरलेली दिसत होती, रिमोटवर पडद्याचा आकार ४:३ केला की ठीक.

खडखडाटाची धास्ती होती, ती खोटी ठरली. टीव्ही तीन किलोच्या आसपास, डबा दहाच्या वर होता. फक्त ब्रॅकेटचे स्क्रू दोन महिन्यांनी ढिले निघाले, त्यांना स्प्रिंग वॉशर घातले. आणि ब्रॅकेटसोबत आलेले स्क्रू लांब असतील तर वापरू नका, आत पॅनलला टेकतात. गाडी चालताना टीव्हीला नवारीच्या पट्ट्याने पार्टिशनशी आवळतो.

जुना टीव्ही भंगारवाल्याला दिला नाही. त्याच्या काचेत शिसं असतं, तांब्यासाठी ते लोक नळी (पिक्चर ट्यूब) फोडतात आणि काच कुठेतरी नाल्यात जाते. शिवाय बंद करूनही नळीत विजेचा भार राहतो, पाठ उघडायला जाऊ नये. यवतमाळच्या ई-कचरा संकलनाच्या दिवशी देणार आहे, तोवर धान्याच्या खोलीत झाकून ठेवलाय.

त्याचा कप्पा बाबांनीच कापला. मी सुताराला बोलावणार होतो, त्यांनी करवत हातात घेतली. स्वतः अकरा वर्षांपूर्वी ठोकलेल्या फळ्या, एकही खिळा वाकडा न करता काढल्या. टीव्ही आता भिंतीला चिकटलेला, मागे हातभर जागा मोकळी झाली. तिथे त्यांनी त्याच सागवानाचं दाराचं छोटं कपाट केलंय. खालच्या खणात आईची औषधं आणि शेकायची पिशवी, वरच्या खणात गजानन महाराजांचा फोटो. आषाढीला निघायच्या आधी त्याला पॉलिश करायचं राहिलंय.